दिसत तर काही नाही!

"तुला काही झालंय असं दिसत तर नाही गं!" सांधे दुखतात म्हणून लोकलमध्ये जरा सरकायला सांगितलं, तर समोरच्या ताईंनी मला नखशिखांत न्याहाळून हे ऐकवलं.

दिसणार कसं? ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचाच एक प्रकार. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उठते. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, कुकरचं झाकण लावायला नवरा लागतो. संध्याकाळी मी अगदी ठणठणीत दिसते, तोच तर घोळ.

मग पुढचं ठरलेलं: "संधिवात? या वयात?" अहो, हा प्रकार अनेकींना तिशी-चाळिशीतच गाठतो. कायमचा बरा करणारा उपाय अजून नाही, पण औषधं वेळेत सुरू झाली तर सांध्यांची झीज बरीच रोखता येते.

१२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन. हळद-मेथीचे फॉरवर्ड येतीलच म्हणा. "सकाळी हात आखडतात" म्हणणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला त्या दिवशी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, घेऊन जाल?