फ्रॅग टाकीची नळजोडणी आणि गळती चाचणी

घरी बांधलेल्या फ्रॅग टाकीची, म्हणजे प्रवाळाचे छोटे तुकडे वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, नळजोडणी पूर्ण होऊन आज तीन आठवडे झाले. या काळात तिच्यात मिठाचा एक कणही टाकलेला नाही. सगळा वेळ गळती शोधण्यात गेला आणि त्यातील बराचसा माझ्याच चुकांमुळे गेला, म्हणून त्या चुकांसकट ही नोंद लिहीत आहे.

टाकी ३६ इंच लांब, २४ इंच रुंद आणि १२ इंच उंच, १० मिलिमीटर काचेची आहे. प्रवाळाचे तुकडे जाळीवर मांडायचे असल्याने खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. दहा इंचांपर्यंत भरल्यावर तिच्यात सुमारे १४० लिटर पाणी मावते. खालचा सम्प, म्हणजे टाकीतून निचरा होणारे पाणी जमा होऊन पंपाने परत वर जाते ती टाकी, २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि तितकाच उंच असून पंप चालू असताना त्यात आठ इंच पाणी राहते. दगडी प्रवाळ २००१ पासून आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ही टाकी झोअँथस आणि मशरूम या दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांपुरतीच आहे. ॲक्रोपोरा (एक दगडी प्रवाळ) कधी आणणार, असे कृपया कोणी विचारू नये.

निचरा हर्बी पद्धतीचा, म्हणजे एक मुख्य आणि एक आणीबाणीचा अशा दोन पाइपांचा आहे. टाकीतील वरचे पाणी ज्यात सांडते त्या सांडव्याच्या पेटीमागील काचेला ३५ मिलिमीटरची दोन छिद्रे असून त्यांतून एक इंची दोन पाइप खाली येतात. पहिल्यावर व्हॉल्व्ह आहे आणि तो पूर्ण भरून वाहतो. दुसऱ्याचे तोंड पेटीत उंचावर असून तो एरवी कोरडा राहतो आणि पहिला तुंबला तरच कामाला येतो. छिद्रे काचवाल्याकडूनच पाडून घेतली, कारण हिऱ्याच्या बिटावर सतत पाणी सोडत, ड्रिल सावकाश फिरवत काच कापण्यासाठी लागणारी चिकाटी माझ्याकडे नाही.

मत्स्यालयासाठी बनवलेले बल्कहेड (काचेच्या छिद्रातून पाइप बाहेर काढणारे जोड) जवळपास कुठे मिळाले नाहीत, म्हणून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तेच प्लास्टिकचे टँक निपल हार्डवेअरच्या दुकानातून आणले. तेथे एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. निपलवर चढवण्यासाठी दुकानदाराने जे एफटीए (आतून आटे असलेले पाइपचे जोड) दिले त्यांच्या आत पितळी आटे होते, आणि गेट व्हॉल्व्ह मागितल्यावर तर त्याने अख्खा पितळेचाच काढून समोर ठेवला. त्याच्या दृष्टीने तो उत्तम माल होता. पण पितळेत तांबे असते, खाऱ्या पाण्यात ते झिरपत राहते आणि अगदी अल्प प्रमाणातही प्रवाळांना व गोगलगाईंना मारक ठरते. अखेर पूर्ण प्लास्टिकचे एफटीए आणि यूपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह घेतला. बॉल व्हॉल्व्हने प्रवाह बारकाईने जुळवता येत नाही, मुठीला केसभर धक्का लागला तरी सांडव्यातील पातळी बोटभर हलते, पण तांब्याच्या धास्तीपेक्षा ही कटकट परवडली.

सोल्युशनने जोड चिकटवण्याचे काम एका रविवारी उरकले. पाइप काटकोनात कापून, कडेला राहिलेला आतबाहेरचा बर (कंगोरा) पॉलिश पेपरने काढून, दोन्ही पृष्ठभागांना सोल्युशन लावून, पाइप पाव वळसा देत आत बसवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. हात लगेच सोडला तर तो सावकाश बाहेर सरकतो. असा जोड एकदा गळू लागला की बाहेरून काही थापून तो सुधारत नाही, कापून नवा करावा लागतो, म्हणून पंपाच्या वर आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारे जोड) टाकले आहेत.

चार दिवसांनी व्हॉल्व्ह बंद करून टाकी आणि पेटी दुसऱ्या पाइपच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत गोड्या पाण्याने भरली, स्टँडखाली वर्तमानपत्रे पसरली, काचेवर मार्करने पातळीची रेघ ओढली आणि शेजारी तशीच रेघ ओढलेली पाण्याची बादली ठेवली. ही बादली बाष्पीभवनाचा हिशेब लावण्यासाठी असते. चोवीस तासांनी टाकीतील पाणी चार मिलिमीटर उतरले होते आणि बादलीतीलही चारच. मी समाधानाने चहा ठेवला, आणि मग वाकून पाहिले तेव्हा उजव्या निपलखालच्या कागदावर बशीएवढा ओला डाग होता.

घड्याळ लावून मोजले, तर दर बावीस सेकंदांना एक थेंब पडत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी जाते; या टाकीत मात्र एक मिलिमीटर पातळी म्हणजे साडेपाचशे मिलिलिटरहून अधिक पाणी. म्हणजे ही गळती रेघेवर दिवसाकाठी जेमतेम तृतीयांश मिलिमीटर इतकीच दिसली असती आणि मार्करच्या रेघेची जाडीच त्याहून जास्त आहे. पसरट टाकीत रेघ फक्त मोठी गळती पकडते. तेव्हापासून मी प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून ठेवतो. ओलाव्याचा एक ठिपकाही तिच्यावर लगेच उमटतो.

कारण निपल काढल्यावर कळले. सोबत दोन रबरी वॉशर मिळाले होते म्हणून मी ते काचेच्या दोन्ही बाजूंना घातले होते आणि भीतीपोटी नट पान्याने करकचून आवळला होता. नटाबरोबर बाहेरचा वॉशर फिरला, त्याने निपल तिरके ओढले आणि आतला वॉशर एका बाजूने छिद्राच्या कडेबाहेर डोकावू लागला. पाणी अडवण्याचे काम पाण्याच्या बाजूचा, निपलच्या कॉलरखालचा वॉशरच करतो. तो कोरडा व स्वच्छ बसवून नट हाताने घट्ट करायचा आणि वर पाव वळसा, एवढे पुरते. पुन्हा बसवल्यावर तीन दिवस कागद कोरडा राहिला.

येथवरची चाचणी स्थिर पाण्याची होती. व्हॉल्व्हपलीकडच्या आणि पंपाच्या वरच्या जोडांवर तोवर पाण्याचा भार आलेलाच नव्हता. पंप सुरू करताच त्यावरच्या युनियनमधून सुईसारखी बारीक चिळकांडी उडाली. त्यातील ओ-रिंगखाली (रबरी कडीखाली) पाइप कापतानाचा प्लास्टिकचा कीस अडकला होता, तो काढल्यावर ती थांबली. प्रवाह मोजण्यासाठी सम्पमधून टाकीत पाणी आणणाऱ्या परतीच्या नळाखाली दहा लिटरची बादली धरली. ती अठरा सेकंदांत भरली, म्हणजे तासाला दोन हजार लिटर. पंपाच्या खोक्यावर तीन हजार छापलेले आहे, पण सव्वा मीटर उंची आणि चार एल्बो यांपुढे ही घट अपेक्षितच होती.

खरा घाम वीज जाण्याच्या चाचणीने फोडला. परतीच्या नळाचे तोंड मी टाकीत चार इंच खोल ठेवले होते. पंपाचा प्लग काढताच पाणी त्याच नळातून उलटे सायफन होऊन सम्पमध्ये उतरू लागले. टाकीचा एक इंच म्हणजे चौदा लिटर, चार इंचांचे छप्पन्न. सम्पमध्ये मोकळी जागा एक्केचाळीस लिटरची. हे गणित मला सम्प काठापर्यंत येताना पाहत असताना सुचले. टाकीच्या काठावरचा एल्बो सुदैवाने चिकटवलेला नव्हता. तो फिरवून नळाचे तोंड पाण्याबाहेर काढल्यावर हवा शिरली आणि सायफन तुटला, तेव्हा सम्पच्या काठापासून पाणी दोन बोटे खाली होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालच्या काकांनी नुकताच रंग काढून घेतला आहे.

आता ते तोंड दीड इंचावर आणले आहे आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळाला हवेसाठी सहा मिलिमीटरचे छिद्र पाडले आहे. शेवाळ किंवा एखादी गोगलगाय ते बुजवू शकते, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावूनच चाचणी घेतली. पाइप आणि पेटीतील पाण्यासह सुमारे पंचवीस लिटर पाणी खाली आले आणि सम्प बारा इंचांच्या थोडे वर थांबला. वीज परत आल्यावरचा क्रमही पाच वेळा तपासला. दर वेळी मुख्य पाइपमधील हवा निघून जाईपर्यंत मिनिटभर आणीबाणीच्या पाइपातून खळखळाट होतो आणि मग तो आपोआप शांत होतो. व्हॉल्व्हच्या मुठीची जागा मार्करने आखून ठेवली आहे.

आज सलग सातव्या दिवशी पट्ट्या कोरड्या आहेत. उद्या नळाचे पाणी काढून आरओचे भरायला घेईन, १.०२५ घनतेसाठी दोन्ही टाक्यांना मिळून साडेसहा किलोच्या आसपास मीठ लागेल. टिश्यूच्या पट्ट्या तशाच ठेवणार आहे.