अप्पू घर नेमकं कधी उघडलं? एका फोटोपायी गेलेले आठ महिने

भांडण माझ्या भावाने उकरून काढलं. बाबांच्या अल्बममधला एक फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. शाल पांघरलेली आई, दोन वेण्या घातलेली मी, आईचं बोट धरून उभा असलेला माकडटोपीतला भाऊ आणि मागे हत्तीची अर्धी सोंड. फोटोच्या पाठीवर बाबांच्या वळणदार अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं : ‘अप्पू घर, दिल्ली, डिसें. १९८३’. त्याखाली भावाचा मेसेज : “ताई, माझा जन्म मार्च ८४ चा. मग हा टोपीवाला कोण?”

बाबांचं उत्तर तयार होतं. “अक्षर माझं आहे. मी तारखा चुकत नाही.”

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे माझं लहानपण दक्षिण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. १९९१ साली आम्ही पुण्याला परतलो. अप्पू घर म्हणजे प्रगती मैदान या दिल्लीतल्या प्रदर्शनांच्या जागेतली पाळण्या-झोपाळ्यांची बाग. ती आता नाही, हे मला ठाऊक होतं. पण अप्पू घर कधी उघडलं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं, कारण ‘एशियाडच्या वेळी’ हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मामाला विचारलं, जुन्या शेजाऱ्यांना विचारलं, वर्गमैत्रिणीला विचारलं. सगळे तेच म्हणाले. अप्पू हत्ती हा १९८२ च्या आशियाई खेळांचा, म्हणजे एशियाडचा, शुभंकर, तेव्हा त्याचं घरही त्याच वर्षीचं असणार, हे इतकं सरळ वाटत होतं की शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

इंटरनेटवर १९ नोव्हेंबर १९८४ ही तारीख दिसली. उद्घाटन राजीव गांधींच्या हस्ते. पण अशा मजकुरात एकाचं दुसऱ्याने उचललेलं असतं, आणि बाबांपुढे मोबाइल धरून उपयोग नव्हता. त्यांना कागद लागतो. म्हणून कामासाठी दिल्लीला गेले तेव्हा दोन दिवस जास्त काढले आणि एका मोठ्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला बसले.

मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक फोटो टिपलेली फिल्म, मी पहिल्यांदाच हाताळत होते. फिल्मचं रीळ यंत्रावर चढवायचं, काचेखालून सरकवायचं आणि हँडल फिरवत राहायचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत जातात. अर्ध्या तासात गाडी लागल्यासारखं मळमळायला लागलं. अकराच्या सुमारास यंत्राचा दिवा गेला. दुसरं यंत्र ‘दुरुस्तीला’ होतं, ते म्हणे उन्हाळ्यापासून. मग एका भल्या कर्मचाऱ्याने त्या बिघडलेल्या यंत्रातला दिवा काढून माझ्या यंत्राला बसवला. तो अर्ज-विनंतीच्या फंदात पडला असता तर मी पुण्याला हात हलवत परत आले असते.

मी हट्टाने आधी १९८२ चं रीळ घेतलं. २० नोव्हेंबरच्या अंकात आदल्या दिवशीचा जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरचा सोहळा पानभर होता. अप्पू घराचा पत्ता नाही. आणि तिथेच गोम कळली. एशियाडचं उद्घाटन १९ नोव्हेंबरला, अप्पू घराचंही १९ नोव्हेंबरलाच. तो इंदिरा गांधींचा जन्मदिवस. दिवस एकच, वर्षं दोन वेगळी, आणि दोन्हीकडे हत्ती. लोकांच्या डोक्यात गाठ बसली ती इथे.

१९८४ चं रीळ फिरवताना मात्र हात जड झाला. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या, मग शिखांविरुद्धची जाळपोळ, संचारबंदी, मदत छावण्या. ते सगळं ओलांडून १९ नोव्हेंबरपाशी पोचावं लागतं. बालोद्यानाची बातमी त्या काळ्या पानांनंतर येते. जिच्या वाढदिवसाचा मुहूर्त धरला तिला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. थोडं पुढे रीळ सरकवलं की भोपाळ, आणि मग लोकसभेच्या निवडणुका. एशियाडचे रंगीत टीव्ही आणि नवे उड्डाणपूल यांच्या आनंदात आम्ही सगळ्यांनी जी गोष्ट सोयीने नेऊन ठेवली होती, ती खरं तर या महिन्यातली होती.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला आता ते बंद कसं पडलं हेही हवं होतं, म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. केंद्राच्या कार्यालयांना ऑनलाइन करता येतो, फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिल्या कार्यालयाने कलम ६(३) खाली अर्ज दुसरीकडे पाठवला, दुसऱ्याने तिसरीकडे. तिसऱ्याने कळवलं, ‘अभिलेख उपलब्ध नाही’. मी पहिलं अपील केलं, त्यालाही तेच उत्तर, फक्त सही मोठ्या साहेबांची. चूक थोडी माझीही होती. ‘अप्पू घराचा इतिहास द्यावा’ असं लिहिलं की कोण काय देणार? अमुक सालाचा अमुक करार, त्याची प्रत, असं नेमकं मागावं लागतं.

दुसरी चूक नावाची. प्रगती मैदान आज इंडिया ट्रेड प्रमोशन ऑर्गनायझेशनकडे आहे, म्हणून मी सगळीकडे तेच नाव शोधत होते आणि ऐंशीच्या दशकातलं काहीच हाती लागत नव्हतं. ही संस्था त्या नावाने १९९२ पासूनची. त्याआधी तिथे ट्रेड फेअर अथॉरिटी ऑफ इंडिया होती. ते नाव घातल्यावर धागे मिळू लागले. गेलेली जागा शोधायची तर तिच्या मालकाचं जुनं नाव आधी शोधावं, हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

सगळ्यात जास्त मिळालं ते जिथे मी शेवटी पोचले तिथे, कोर्टाच्या निकालांत. बाग चालवणारी कंपनी आणि जागा ताब्यात असलेली संस्था यांच्यातला वाद न्यायालयात गेला होता. असे निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि त्यांची सुरुवातीची पानं म्हणजे प्रकरणाची हकीकत असते : परवाना कधी दिला, मुदत किती, वाढवली कधी. वकिली इंग्रजीत असली तरी तारीखवार. शेवटी १७ फेब्रुवारी २००८ ला, एका रविवारी, अप्पू घर बंद झालं आणि ती सुमारे १२ एकर जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी गेली. नवी इमारत जुलै २०१९ मध्ये उघडली. ज्या जागेबद्दल कोर्टात भांडण चाललं, त्या जागेवर कोर्टच उभं राहिलं. बाबांना हे फार आवडलं.

उपग्रहाच्या जुन्या चित्रांतही मी रात्री-अपरात्री हिंडले. गूगल अर्थमध्ये वर्ष मागे सरकवता येतं. आधी पाळण्यांचे ठिपके आणि वॉटर पार्कचे निळे तुकडे, पुढच्या चित्रांत नुसती माती, मग पाया, मग छपरं. तो वॉटर पार्क आमच्या वेळी नव्हता. तरी मामेभाऊ शपथेवर सांगतो की आपण सगळे तिथे भिजलो होतो.

आमच्या आठवणीतलं अप्पू घर म्हणजे कोलंबस झोपाळा. ती भली मोठी नाव टोकाला जाऊन क्षणभर थांबायची आणि पोटातलं सगळं गळ्याशी यायचं. आईने एकदाच बसून पुन्हा नाव घेतलं नाही.

बाबांशी बोलताना मी प्रश्न बदलला. ‘कधी’ असं विचारलं की ते अल्बमवर बोट ठेवायचे. म्हणून विचारलं, “बाबा, ८४ च्या नोव्हेंबरात आपण काय करत होतो?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपल्या खालच्या मजल्यावरचं शीख कुटुंब आठवतं तुला? तीन रात्री आपल्याकडे होतं. त्यांची नावाची पाटी मीच काढून माळ्यावर टाकली. रात्री आम्ही सगळे गेटवर काठ्या घेऊन बसायचो. तू विचारायचीस, हे पाहुणे दिवा का लावू देत नाहीत.” मला यातलं पाहुण्यांच्या मुलाशी सापशिडी खेळल्याचं तेवढं आठवतं. तो हरला की रडायचा, आणि त्याची आई घाईने त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

थोड्या वेळाने बाबा आपणहून बोलले, “त्यानंतर वर्ष-दीड वर्ष आम्ही कुठे फिरायलाच गेलो नाही. मग हा फोटो...” वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. फोटोतला भाऊ नीट उभा आहे, पायात बूट आहेत, म्हणजे अडीच-तीन वर्षांचा. १९८६ चा हिवाळा. अल्बममध्ये फोटो चिकटवण्याआधी, पुण्याला आल्यावर, बाबांनी एका बैठकीत सगळ्या फोटोंच्या पाठी लिहून काढल्या होत्या, हेही तेव्हाच बाहेर आलं.

पुढच्या दिल्ली फेरीत जागेवर जाऊन आले. मेट्रोच्या ज्या स्टेशनाचं नाव प्रगती मैदान होतं त्याचं आता सुप्रीम कोर्ट झालंय. मैदानातलं वास्तुविशारद राज रेवाल यांचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शन-दालन २०१७ मध्ये पाडलं, तिथे भारत मंडपम आहे. सुरक्षारक्षकाला विचारलं, इथे अप्पू घर होतं ना? तो पंचविशीचा मुलगा. “मॅडम, पास किस कोर्ट का है?”

परत आल्यावर बाबांसमोर वर्तमानपत्राची छापील प्रत ठेवली. त्यांनी भिंगाने वाचली, तारीख दोनदा वाचली आणि अल्बम मागवला. निळ्या शाईतलं १९८३ त्यांनी खोडलं नाही. शेजारी पेन्सिलने लिहिलं : ‘मुलीच्या मते १९८६’.