पेशंट परत येतो का?

फिजिओथेरपी शिकताना पोस्टिंग सरकारी हॉस्पिटलात बरं की प्रायव्हेट, हे ज्युनिअर्स दर वर्षी विचारतात आणि मी दर वेळी उलट विचारते, तिथे पेशंट परत येतो का?

माझं पहिलं पोस्टिंग सरकारी ओपीडीत. रांग दाराबाहेर, गोनिओमीटर (सांधा किती अंश वाकतो ते मोजायची दोन आर्मची पट्टी) एकच, तोही कोणाच्या तरी ॲप्रनच्या खिशात. एक मावशी आल्या, मनगटाचं फ्रॅक्चर, सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलेलं. मनगट आखडलेलं असणारच, पण बोटंही आखडली होती, मूठ अर्धीच वळायची, कारण प्लास्टरमध्ये मोकळी राहिलेली बोटं हलवत राहायची असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं आणि दुखेल म्हणून त्यांनी अख्खा हात जपून ठेवलेला. मी घाईघाईत व्यायाम दाखवले, त्यांनी मान डोलावली, मी पुढच्याला हाक मारणार तेवढ्यात सर मागून म्हणाले, "त्यांना करून दाखवायला सांग की." मावशींनी काय केलं तर अख्खा हात खांद्यापासून गोल फिरवला! मनगट जागचं हललं नाही. मग हात टेबलावर टेकवून, पंजा कडेबाहेर काढून पुन्हा शिकवलं, तीनदा करून घेतलं. पुढच्या आठवड्यात या म्हटलं. आल्याच नाहीत. बऱ्या झाल्या की यायला जमलं नाही, मला आजपर्यंत माहीत नाही.

प्रायव्हेटमध्ये मशीन्स भरपूर, दुखणं कमी करायला सौम्य करंट देणारी आयएफटी आणि टेन्स, ध्वनिलहरींनी उपचार करणारं अल्ट्रासाऊंड, सगळं. पण पहिले काही दिवस मी नुसती भिंतीला टेकून उभी, कारण पैसे मोजून आलेल्या माणसाला स्टुडंटचा हात नको असतो (मला तरी चालला असता का?). पण तिथे एक काका होते, नी रिप्लेसमेंट झालेले, ते रोज यायचे. गुडघा ७० अंश वाकत होता, चार दिवसांनी मी मोजला तर ८५, मी जाम खूश, फाईलमध्ये लिहून मोकळी. मॅडमनी परत मोजला, ७५! झालं असं की कॉटच्या कडेला बसून गुडघा वाकवताना काका त्या बाजूची कंबर हळूच उचलत होते आणि मी गोनिओमीटरचा वरचा आर्म मांडीच्या रेषेत धरायचा सोडून कॉटच्या रेषेत धरला होता. नीट खुर्चीतून उठायला साधारण ९० अंश लागतात, म्हणजे माझ्या फाईलीत काका जवळजवळ उठलेच होते.

सरकारीत असं किती जणांचं चुकीचं मोजून मी घरी पाठवलं असेल, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. तिथे चूक पकडायला ना वेळ, ना पेशंट परत येणार. आणि शिकवलेलं परत करून दाखवायला लावायची सवय मात्र तिथलीच, प्रायव्हेटमध्ये रोज येणार म्हटल्यावर ती कोणी लावत नाही.

काका नंतर कॉटवर बसले की आधी मलाच विचारायचे, "आज कंबर बघितलीस का गं?"