तुम्ही विचारलंत म्हणून: पिंपरी-चिंचवड म्हणजे पुणेच ना?

‘कुठं राहता?’ म्हणून कुणी विचारलं की मी ‘निगडी’ म्हणते. समोरचा गोंधळला की ‘पिंपरी-चिंचवड’ म्हणते. मग ठरलेला प्रश्न येतो: ‘म्हणजे पुणेच ना? मग वेगळी महापालिका कशाला हवी?’ लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न आला तर मी ‘हो, पुण्याजवळच’ म्हणून विषय संपवते. जेवता जेवता जकातीचा इतिहास ऐकायची कुणाची तयारी नसते. पण परवा वाकडला नव्यानं राहायला आलेल्या एका ताईंनी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. घरपट्टी कुठं भरायची, पाणी एक दिवसाआड का येतं आणि गाडीला एमएच १२ ऐवजी एमएच १४ का, इथून त्यांची सुरुवात झाली होती. तेव्हा एकदाचं नीट सांगते.

जिल्हा पुणेच, पिनकोड पुण्याचाच, फोनचा कोडही तोच. पण तिजोरी पहिल्यापासून वेगळी, आणि या शहराचं जे काही बरंवाईट झालं ते त्या वेगळ्या तिजोरीमुळं झालं, असं माझं मत आहे.

फार मागं जाण्यात अर्थ नाही, तरी एवढं सांगायला हवं की कारखान्यांच्या आधी इथं माळरान आणि शेतं होती, ओसाड जंगल नव्हतं. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी, त्या देवस्थानाचा दबदबा. चापेकर बंधूही चिंचवडचेच. २२ जून १८९७ ला त्यांनी रँडवर गोळी झाडली ती गणेशखिंडीत, म्हणून लोकांना ते पुण्याचे वाटतात. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही हवेली तालुक्यातली शेतकऱ्यांची गावं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प पिंपरीला वसला. आजही खरेदीला ‘कॅम्पात जाऊन येते’ असं आमच्याकडं म्हणतात तेव्हा पुण्याचा एम. जी. रोड नसतो, पिंपरीचा बाजार असतो.

मग १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. स्वतंत्र भारतातला औषधांचा पहिला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला. पेनिसिलीन इथं बनायला लागलं. लोक त्याला नुसतं ‘एचए’ म्हणतात, आणि एचए कॉलनीतली झाडं अजून सावली देतात. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ चं. त्या दशकात बजाज आकुर्डीला, टेल्को (आजची टाटा मोटर्स) पिंपरीला, आणि त्यांच्या मागोमाग भोसरीच्या शेडमध्ये लेथ, प्रेस, पावडर कोटिंग, प्लेटिंग. मोठ्या कंपन्यांची नावं बाहेर गाजली. शहर मात्र त्या पत्र्याच्या शेडांनी जगवलं. मोठ्या कंपनीला लागणारा एखादा वॉशर, एखादा ब्रॅकेट जॉबवर्कवर करून देणारा माणूस दोन मशिनवर सुरुवात करायचा आणि दहा वर्षांत स्वतःच्या नावाची पाटी लावायचा.

आता तिजोरीची गोष्ट. ४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगरांचा त्यात पुढाकार होता; नेहरूनगरच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे, ते उगीच नाही. ही गावं पुण्याच्या महापालिकेत घालता आली असती. तसं झालं असतं तर काय झालं असतं, हे समजायला जकात म्हणजे काय ते माहीत हवं, आणि आजच्या शाळकरी मुलांनी जकात नाका पाहिलेलाच नाही.

शहराच्या हद्दीवर नाका असायचा. ट्रक थांबायचा, बिलं दाखवायची, मालाच्या किमतीवर ठरलेल्या दरानं पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग आत. दिवाणखान्यातल्या पंख्यावर जकात होतीच, पण खरा पैसा होता पोलादाच्या कॉइलवर, कास्टिंगवर, रबरावर, रसायनांवर. कारखाने जितके धडधडतील तितका नाका कमावणार. बरं, हा पैसा रोजचा आणि रोख. सरकारी अनुदानाची वाट पाहायला नको, वर्षअखेरीस घरपट्टीसाठी लोकांच्या दारात जायला नको. हे सगळं उत्पन्न पुण्याच्या पेठांकडं न जाता इथल्या गावांत राहिलं, ते वेगळ्या नगरपालिकेमुळं. ११ ऑक्टोबर १९८२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि १९९७ ला आजूबाजूची अठरा गावं हद्दीत आली. पुढं ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ असं बिरुद आम्ही छातीवर मिरवलं. ही क्रमवारी कुणी आणि कधी लावली ते विचारू नका, मी कुठं कागदावर पाहिली नाही. पण तिजोरी भरलेली होती, यात शंका नाही.

तिचं काय केलं, तेही दिसतं. दापोडीहून निगडीपर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता बघा. सर्व्हिस रोड, बससाठी राखीव बीआरटी मार्ग, चौकात न थांबता पुढं नेणारे ग्रेड सेपरेटर. (‘ग्रेड सेपरेटर’ हा शब्द आमच्याकडची आजीसुद्धा बिनचूक म्हणते. ‘ग्रेडच्या वरून ने रे रिक्षा.’) संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, म्हणजे वायसीएम, हे तर जकातीचं सगळ्यात मोठं पुण्य म्हणायला हवं. मावळ-खेडपासूनचे लोक तिथं येतात. रांग लांब असते, पण कमी पैशात उपचार होतात. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, निगडीची दुर्गा टेकडी, सायन्स पार्क. उद्यानं तर इतकी, की रविवारी संध्याकाळी प्रत्येक बाकड्यावर कुणीतरी असतं.

प्राधिकरण हा यातला वेगळा तुकडा. १९७२ ला पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांना परवडतील अशी आखीव घरं, सेक्टर, रुंद रस्ते ही कल्पना. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, आणि मोबदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्यांच्या दोन पिढ्या झगडल्या. आज प्राधिकरणात बंगल्यांच्या रांगा दिसतात. कामगारांसाठी म्हटलेल्या भागात कामगारानं घर घ्यायचं म्हटलं तर त्याला एक जन्म पुरणार नाही. कामगार गेला कुठं? गुंठेवारीत. चिखली, तळवडे, रुपीनगर, काळेवाडी, थेरगाव. अर्धा गुंठा, एक गुंठा, नोटरीवर व्यवहार, वर दोन मजले भाड्यानं. काही भाग देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळं रेड झोनमध्ये, म्हणजे तिथं बांधकामाला परवानगी मिळण्याचा प्रश्नच नाही. घरं मात्र उभी आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, किराणा दुकानं आहेत. बेकायदा बांधकामावरचा शास्तीकर हा आमच्याकडच्या निवडणुकांचा कायमचा मुद्दा होता.

लोकसंख्येचे आकडे हवेत तर घ्या. १९७१ ला लाखाच्या आसपास, १९८१ ला अडीच लाख, १९९१ ला पाच लाखांवर, २००१ ला दहा लाख, २०११ ला सव्वासतरा लाख. दर दहा वर्षांनी दुप्पट, फक्त शेवटच्या दशकात जरा कमी. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं आता तीसेक लाखांचा अंदाज जो तो आपापल्या सोयीनं सांगतो.

हे लोक पुण्याहून आलेले नाहीत, हे पुणेकरांच्या लक्षात येत नाही. माझे वडील अमळनेरहून आले. आयटीआय झालेले, आधी अॅप्रेंटिस, मग टेल्कोत परमनंट. आमच्या चाळीत एका बाजूला लातूरचे, दुसरीकडं साताऱ्याचे, वरच्या खोलीत केरळचं कुटुंब. घरी अहिराणी, शाळेत वेगळी मराठी. श्रावणात यमुनानगर भागात कानबाई बसते, रोट होतात आणि सोमवारी मिरवणूक निघते, तेव्हा वाटतं सगळा खानदेश इथं उतरलाय. छठपूजेला मोशीच्या इंद्रायणी घाटावर तीच गर्दी, फक्त भाषा वेगळी. दिवाळीच्या आधी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उभं राहा. हे शहर मुळात कुठून आलंय ते बसच्या पाट्या वाचून कळेल. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिल्या मुक्कामांपैकी एक आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या रात्री गाववाले आणि बाहेरगावचे एकाच रांगेत पिठलं-भाकरी वाढतात. एरवी हा भेद आहे, नाही असं नाही. जमिनी ज्यांच्या होत्या ते गाववाले. नगरसेवकही बहुतेक त्यांच्यातलेच. बाकीचे आम्ही मतदार.

शहराचं घड्याळ पाळ्यांवर चालायचं. पहिली, दुसरी, तिसरी, आणि जनरल. आई भाजी कधी फोडणीला टाकायची ते बाबांच्या पाळीवर ठरायचं. कंपनीच्या बस चौकाचौकांत माणसं गोळा करायच्या, आणि ज्याच्या हातात कंपनीचा डबा त्याला दुकानदार उधार द्यायचा. या शहराची राजकीय समजही त्याच पाळ्यांत घडली. तरी एक गोष्ट मला अजून खटकते. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांनी उपोषण केलं, ते पिंपरीत नाही, शनिवारवाड्यासमोर. कारखाना इथं, घरं इथं, पण जगानं बघायला हवं असेल तर पुण्यात जाऊन बसावं लागलं. वेगळ्या तिजोरीनं रस्ते दिले. वर्तमानपत्राचं पहिलं पान मिळायला मात्र वेळ लागला. अलीकडं जरा बदललंय. २०१६ चं साहित्य संमेलन पिंपरीत झालं, शंभरावं नाट्य संमेलनही २०२४ च्या जानेवारीत इथं आलं.

मग आता दोन्ही शहरं एक होताहेत की वेगळी? गंमत म्हणजे दोन्ही. २००७ ला दोन्ही शहरांच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. २०१८ च्या १५ ऑगस्टला पोलिस आयुक्तालय मात्र वेगळं झालं. ६ मार्च २०२२ ला मेट्रो पिंपरी ते फुगेवाडी धावली, आता ती स्वारगेटपर्यंत जाते, आणि पिंपरीतला माणूस पाऊण तासाच्या आत मंडईत असतो. हिंजवडीचं आयटी पार्क तर ना पुणे महापालिकेत, ना आमच्या, तिथं ग्रामपंचायत. वाकडच्या ताईंना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. ऑफिस ग्रामपंचायतीत, घर आमच्या महापालिकेत, आणि पत्ता विचारला तर ‘पुणे’.

त्यांचा पाण्याचा प्रश्न राहिला. शहराला पाणी पवना धरणाचं. ते नदीतून रावेतपर्यंत येतं, तिथं उचलतात, निगडीला शुद्ध करतात. नदीतून येताना गळती आणि प्रदूषण, म्हणून धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायची ठरली. मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदी कोरडी पडली तर काठावरची शेती कशी भिजणार? ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. काम थांबलं, ते वर्षानुवर्षं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. पुढं आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या केंद्रात आलं, तरी रोज पाणी आलेलं नाही. सुरुवात चार गावांच्या नगरपालिकेनं झाली होती. आज तिथं तीसेक लाख माणसं आहेत.

आणि तिजोरी? जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१७ ला जीएसटी. नाके ओस पडले. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन त्याआधीच, २००७ ला बंद झालं होतं, आणि नवे मोठे कारखाने चाकण-तळेगावला, म्हणजे हद्दीबाहेर गेले. आता महापालिका जगते जीएसटीच्या बदल्यात राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर, मिळकतकरावर आणि बांधकाम परवानगीच्या शुल्कावर. पूर्वी कारखाना धडधडला की पैसा यायचा. आता टॉवर उभा राहिला की येतो. टॉवरमधला प्रत्येक फ्लॅट पाणी मागतो, म्हणून पुनावळे-रावेत-वाकडच्या सोसायट्या घरपट्टीही भरतात आणि टँकरचं बिलही. ताईंच्या सोसायटीचं बिल मी पाहिलं. टँकरचा आकडा घरपट्टीपेक्षा मोठा होता.