साइटवर इंटर्न आहात? क्यूबचं काम मागून घ्या

सिव्हिलच्या मुलांना साइटवर गेल्या गेल्या डेली रिपोर्ट भरायला बसवतात. ते काम चार दिवसांत येतं. मग क्वालिटी इंजिनिअरला गाठा आणि स्लंप (ओलं काँक्रीट किती खचतं ते मोजायची टेस्ट) नि क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) स्वतःच्या हातानं करायला मागा.

ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीटची गाडी, आला की आधी चलन वाचा: काँक्रीटची ग्रेड आणि प्लँटवरून निघाल्याची वेळ. मग स्लंप कोन, उंची ३०० मिमी, खाली २०० आणि वर १०० व्यासाचा. आतून ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. तीन थर, प्रत्येक थराला रॉडचे २५ ठोके. (जुन्या पुस्तकांत चार थर सापडतील, आयएस ११९९ या भारतीय मानकाची २०१८ची आवृत्ती तीन सांगते.) कोन सरळ वर उचला. हिसका बसला की ढीग एका अंगाला घसरतो, मग टेस्ट पुन्हा करा.

स्लंप कमी दिसला की कुणीतरी ड्रायव्हरला हमखास ‘थोडं पाणी सोड’ म्हणतं. तिथं वहीत गणित मांडा. घनमीटरला सिमेंट ३४० किलो, पाणी १७० लिटर, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. सहा घनमीटरच्या गाडीत ६० लिटर ओतलं की ते ०.५३ वर जातं. आयएस ४५६:२००० नुसार मॉडरेट एक्स्पोजरच्या (हवा-पाण्याचा मध्यम मारा असलेल्या) आरसीसीला, म्हणजे सळयांच्या काँक्रीटला, कमाल मर्यादाच ०.५० आहे! पाण्याऐवजी ॲडमिक्श्चरचा (काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस वाढवता येतो, पण तो प्लँटवाल्यांना विचारून.

क्यूबचा मोल्ड (साचा) १५० मिमीचा. नट ढिले राहिले तर फटीतून सिमेंटचं पाणी गळतं आणि कडा पोकळ राहतात. ऑइलचा हात पातळ द्या. इथंही तीन थर, पण ठोके ३५. एका सॅम्पलचे तीन क्यूब. ४० घनमीटरच्या स्लॅबला चार सॅम्पल, म्हणजे २८ दिवसांनी दाबायचेच बारा. सात दिवसांचे वेगळे. मोल्ड २४ तास सावलीत, ओल्या गोणपाटाखाली राहू द्या, मग क्यूब टाकीत. ताकद तपासायला मशीनमध्ये दाबताना क्यूब आडवा ठेवा. थापीनं सारखा केलेला वरचा चेहरा प्लेटखाली आला तर आकडा पडतो, आणि दोष काँक्रीटवर जातो. एम २५ ला (चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीच्या ग्रेडला) किमान ५६२.५ किलोन्यूटन अपेक्षित धरा.

रजिस्टरमध्ये नुसती तारीख लिहू नका. गाडीचा नंबर, स्लंप आणि माल इमारतीच्या नेमक्या कुठल्या कॉलममध्ये (खांबात) पडला तेही लिहा. २८ दिवसांनी क्यूब फेल झाला की रिबाउंड हॅमर (घट्ट झालेल्या काँक्रीटची ताकद ठोकून अजमावायचं उपकरण) घेऊन कुठं जायचं, ते या नोंदीवरूनच ठरतं.