वीतभर की टिचभर

मी हाफ मॅरेथॉन पळणार आहे, असं चाळीसेक ओळखीच्यांना कळवून टाकलं, तेव्हा मला सलग दोन किलोमीटरही पळता येत नव्हतं. कर्करोगाच्या रुग्णांना उपचारासाठी मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे जमवायचे होते. आधी पळून बघावं, मग बोलावं, हा शहाण्यांचा क्रम. पण मी स्वतःला चांगला ओळखून आहे. आधी पळून बघितलं असतं तर बोललोच नसतो.

देणग्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर चौकशीचा हक्कही आला. एरवी जिन्यात नुसती मान हलवणारा शेजारी आता आधी माझ्या पायांकडे बघतो. मामांनी तर किलोमीटरमागे रक्कम ठरवली. ‘जेवढं पळशील तेवढ्याचे देईन,’ म्हणाले. मी अंतर नीट सांगितलं, २१.०९७५ किलोमीटर. हा अपूर्णांक कुठून आला, यावर त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची धावली गेली, १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं आणि हे त्याचं निम्मं. ‘म्हणजे एकवीस आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर,’ मामा म्हणाले. त्यांनी ते टिपून घेतल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

पहिले दोन महिने झकास गेले. धाप कमी झाली, चढावर बोलता यायला लागलं, आरशात स्वतःकडे तिरकं बघणं वाढलं. आणि नेमकं तिथेच नडगीने तोंड उघडलं. तोपर्यंत मला नडगी आहे हे माहीतच नव्हतं म्हणा ना. टीपॉय आपटला की आठवायची, तेवढंच. आता जिना उतरताना प्रत्येक पायरीला ती हजेरी लावत होती.

फिजिओथेरपिस्टने पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून वर, हाडाच्या आतल्या कडेने, अंगठा दाबत नेला. ‘इथे? इथे? आणि इथे?’ मी सगळीकडे हो म्हणत होतो. तिचा चेहरा मात्र प्रत्येक हो बरोबर सैल होत गेला. वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर बहुतेक नुसता ताण असतो. एकाच टिचभर जागी कळ मारत असेल तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची, असं तिने सांगितलं. आपलं दुखणं मोठ्या जागेत पसरलंय याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. पुढचं तिचं बोलणं सोपं होतं. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरा तेवढ्यात तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. थोडक्यात, बैल माजले होते, गाडीचा कणा जुनाच होता. तीन आठवडे पळणं बंद.

खरी पंचाईत इथून पुढे. एरवी मी आनंदाने बंद केलं असतं. बंद करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण आता चाळीस माणसांचे पैसे नडगीवर बसले होते. चौथ्याच दिवशी मी पहाटे, कोणाला कळू न देता, लेस बांधल्या आणि पाचशे मीटरवरून लंगडत परत आलो. जिन्यात शेजारी. ‘वा, आज लवकर!’ मीही मान हलवली.

एका मित्राने हुरूप यावा म्हणून टेरी फॉक्सची आठवण करून दिली. १९७७ मध्ये कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला हा कॅनडाचा मुलगा १९८० च्या एप्रिलमध्ये अख्खा देश पळत ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. चांगल्या पायावर दोनदा उडी, मग कृत्रिम पाय, अशी त्याची चाल. त्याचं नाव आमच्यासारख्यांच्या पाठीवर चाबकासारखं वापरतात, ते मला पटत नाही. निघण्याआधी त्याने वर्षाहून जास्त सराव केला होता, हे कोणी सांगत नाही. आणि १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला, थंडर बे शहराजवळ तो थांबला. कर्करोग फुफ्फुसात पोचला होता. देश निम्म्याहून जास्त ओलांडून झाला होता, पण पुरता नाही. पैसे परत मागायला कोणी आलं नाही. उलट थांबल्यावर ओघ वाढला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर जमले, त्या वेळच्या प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक. जूनमध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी.

माझी नडगी आणि तो, यांची बरोबरी करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण त्या रात्री मी सगळ्यांना सरळ कळवलं की तीन आठवडे पळणार नाही. दोघातिघांनी ‘काळजी घे’ म्हटलं. बाकीच्यांनी वाचलंसुद्धा नसावं.

मग सायकल, पोटऱ्यांचे व्यायाम, मध्येच आठवडाभर ताप. पुन्हा सुरुवात केली ती एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी. म्हाताऱ्या फिरायला निघतात, त्या मला मागे टाकून गेल्या, एकीने वळून धीरही दिला. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एका रविवारी मोज्यातच राहिलं.

परवा सोळा किलोमीटर झाले. मामांना फोन केला.

‘सगळे पळत?’

‘नाही. अधूनमधून चाललो.’

‘चाललास किती?’

‘अहो मामा, साडेतीन असतील.’

पलीकडे पेन थांबलं. मग, ‘त्याचेही धरतो. पण साडेसत्त्याण्णव मीटर पळतच कर.’