आमची वाटचाल : वहाणांचे तळवे

सहा वर्षांपूर्वी ठाण्यातल्या राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघांनी कथाखेळांच्या (खेळाडूंनी पात्रे होऊन गोष्ट पुढे न्यायच्या खेळांच्या) पुस्तिका काढायला सुरुवात केली, तेव्हा समोर नमुना एकच होता, 1974 साली अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षसही भेटतो, पण वाघाच्या तोंडाचा आणि हातात धूम्रपानाची नळी धरलेला; 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ने तर इंद्र आणि अग्नी यांनाही थॉर-ओडिन या नॉर्स देवांप्रमाणेच हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसून मरणार याचे आकडे, वाटून दिले. यावर आम्ही मनसोक्त हसलो आणि पहिल्याच पुस्तिकेत नेमके तेच केले.

त्या पुस्तिकेत साती आसरा पाण्यातल्या शत्रू म्हणून होत्या, प्रत्येकीला चाळीस हिट पॉइंट्स. प्रदर्शनातल्या आमच्या टेबलाशी थांबून एका वयस्क बाईंनी ते पान वाचले आणि विचारले, “आमच्या विहिरीवर यांची ओटी भरतात. तुम्ही यांना मारायला निघालात होय?” उरलेल्या प्रती आम्ही रद्दीत घातल्या. तोटा झाला, पण त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून आम्ही दैवताचे रूप न उचलता त्याच्याशी वागण्याची लोकांची रीत उचलतो आणि तिचाच नियम करतो. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचा कोळी अनान्सी आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी मिळवतो, त्या अजगर, बिबट्या आणि गांधीलमाश्या युक्तीने पकडून, म्हणून अनान्सीवरच्या आमच्या पुस्तिकेत लढाईचे कोष्टकच नाही, आणि अजगराला “तू लांब की हा बांबू लांब?” असे विचारून बांबूला बांधून टाकण्याइतकी चतुर थाप खेळाडूला स्वतः रचावी लागते.

कोकणातल्या आरवलीच्या ग्रामरक्षक वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या गस्तीत त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. पूजेतल्या देवाचे नाव खेळात नको, म्हणून पुढच्या पुस्तिकेत आम्ही ग्रामरक्षक निनावी ठेवला. खेळाडूंनी संध्याकाळी वहाणा ठेवायच्या आणि सकाळी तळव्यांवरून तो कुठे गेला होता ते ओळखायचे, एवढाच नियम. पहिल्या चाचणीत तळव्याला खाजणातला चिखल आणि डाव्या टाचेपाशी अर्धवट जळालेली वात निघाली, तेव्हा पाच जण अर्धा तास वाद घालत बसले आणि फासे कोणी हातातही घेतले नाहीत. त्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती सध्या छापखान्यात आहे.